पाहुणा आणि घरचा

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या सणाची मीटिंग होती. विषय नेहमीचेच. मंडप कोणाचा, लाऊडस्पीकर कोणाचा, नोव्हेनाच्या नऊ दिवसांची वाटणी कशी, जेवणाचं काय. शेवटी एक नवीन विषय होता, 'चर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांना आपलेपणा वाटावा म्हणून काय करता येईल?' अर्धा तास चर्चा झाली आणि ठरलं ते असं: दाराशी एक टेबल लावायचं, नवीन माणूस दिसला की त्याला गुलाबाचं फूल द्यायचं आणि मिस्सा संपल्यावर त्याचं नाव पुकारून टाळ्या वाजवायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. फुलांचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा यावर मात्र पंधरा मिनिटं वाद झाला. असो.

चर्चचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. रात्री एडवणला घरी येईपर्यंत मनात काहीतरी खुपत होतं. ओटीवर बसल्यावर लक्षात आलं काय ते. फूल कोणाला देतात? पाहुण्याला. घरच्या माणसाला दारात कोणी फूल देत नाही. त्याला म्हणतात, "आलास का? बरं झालं, ती सतरंजी धर जरा त्या टोकाला."

सांगायचा मुद्दा एवढाच आहे, पण तो मला कळायला पन्नास वर्षं लागली. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

माझे वडील नगर जिल्ह्यातले. प्राथमिक शिक्षक म्हणून बदली होऊन या किनाऱ्यावर आले आणि इथलेच झाले. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. एडवण म्हटलं की लोकांना आशापुरी देवी आठवते, आणि आम्हा पोरांना आठवायचं ते नवरात्र. नऊ दिवस आळीतल्या सगळ्या पोरांना कामं असायची आणि त्यात मीही असायचो. पाण्याच्या कळशा आणायच्या, ताडपत्र्या बांधायच्या, प्रसादाची पातेली घासायची. 'ख्रिस्ती मुलालाही सामील करून घेऊ या' असा ठराव कोणी केला नव्हता. एक काकू दारातून हाक मारायच्या, "मास्तरांचा पोरगा कुठाय? पातेली कोण घासणार, मी?" आईला थोडी धाकधूक वाटायची, घरात क्रूस आणि पोरगा देवळात! वडील म्हणायचे, "पातेलं घासल्याने धर्म जात नाही."

उगाच गोड चित्र काढायचं नाही मला. गाभाऱ्यापर्यंत मी कधी गेलो नाही. कोणी जा म्हटलं नाही आणि मीही गेलो नाही. पण तिथपर्यंतच्या जागेत मी घरचा होतो. एका वर्षी मी तापाने आजारी पडलो तर त्या काकू आमच्या घरी येऊन रागावून गेल्या, ऐन वेळी पोरगा आजारी पडतो म्हणजे काय! तो राग मला अजून आठवतो. ज्याची वाट पाहिलेली असते त्याच्यावरच माणूस असा रागावतो.

आता दुसरी गोष्ट. नाताळच्या सुट्टीत आम्ही वसईकडे वडिलांच्या एका मित्राकडे जायचो. सफाळ्याला गाडीत बसायचं, वैतरणा ओलांडली की विरार. मला तो प्रवास फार आवडायचा. पलीकडे जिकडे बघावं तिकडे ख्रिस्ती घरं, रस्त्यात क्रूस, दारात चांदण्या, आणि चर्च तर केवढालं! आमच्यासारखे इतके लोक जगात आहेत हे मला तिथे कळलं. दहा-अकरा वर्षांचा असेन. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एका आजोबांनी प्रेमाने जवळ बोलावलं, नाव विचारलं. नाव ऐकून खूश झाले, संताचं नाव. मग आडनाव विचारलं. आमचं आडनाव मराठी, नगरकडचं. आजोबा म्हणाले, "अस्सं... नगरचे होय?"

बस्स, एवढंच. वाईट काही बोलले नाहीत. गालावर हात फिरवला, खिशातून गोळी काढून दिली. पण त्या 'नगरचे होय'नंतर त्यांचा चेहरा बदलला. पाहुण्याशी बोलताना होतो तसा झाला, जरा जास्त गोड. वडिलांनीही ते ऐकलं होतं. परतीच्या गाडीत ते काही बोलले नाहीत आणि पुढच्या वर्षी आम्ही नाताळला वसईला गेलो नाही.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करायला हवा. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात 1534 मध्ये गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत तिथले जे लोक ख्रिस्ती झाले त्यांची आडनावं पोर्तुगीज झाली. डिमेलो, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज. धर्म बदलला पण जुने समाज तसेच राहिले. सामवेदी वेगळे, वाडवळ वेगळे, कोळी वेगळे. प्रत्येकाची बोली वेगळी, लग्नाची रीत वेगळी, आणि परवापरवापर्यंत सोयरिकीही आपापल्यातच. नगरची गोष्ट फार नंतरची. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे 1831 मध्ये सुरू झालं, कॅथलिक मिशनरी आले त्यानंतर. तिथे ख्रिस्ती झालेल्यांमध्ये गावकुसाबाहेरची माणसं पुष्कळ होती. आडनावं मराठीच राहिली. त्यामुळे 'नगरचे' हा शब्द ऐकायला जिल्ह्याचा असला तरी त्यातून जो अर्थ पोचवायचा तो बरोबर पोचतो.

गंमत बघा, हसावं की रडावं कळत नाही अशी. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांनाही तो मिळाला. ख्रिस्ती दलितांना नाही. म्हणजे सरकार म्हणतं, तुम्ही ख्रिस्ती झालात, आता तुम्हाला जात नाही. आणि चर्चच्या आवारात आडनाव ऐकल्यावर जात परत येते. कागदावर नसते, ओट्यावर असते.

हा काही एका आजोबांचा किंवा एका तालुक्याचा प्रश्न नाही. तिरुचिरापल्लीला एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी आणि इतरांच्या कबरी यांच्यामध्ये भिंत आहे. मेल्यानंतरही! भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलितांविषयी धोरण जाहीर केलं, त्यात आपल्या चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे हे स्वतःच कबूल केलं आणि नेतृत्वात दलितांना फारच थोडी जागा मिळते हेही मान्य केलं. भारतातले पहिले दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, झाले ते 2022 मध्ये. भारतात ख्रिस्ती धर्म किती शतकं आहे, मोजा.

वसईचाच एक संत या बाबतीत मला नेहमी आठवतो. गोन्सालो गार्सिया. त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे, सण मोठा होतो. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या किल्ल्यात जेजुइट फादरांकडे शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, जपानी भाषा इतकी छान आत्मसात केली की लोकांना धर्म शिकवू लागले. त्यांना जेजुइट संघात यायचं होतं. वर्षानुवर्षं काम केलं, पण प्रवेश काही मिळाला नाही. शेवटी ते तिथून बाहेर पडले, व्यापार केला, आणि मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून घेतलं. दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढवले गेले. 1862 मध्ये चर्चने त्यांना संत केलं. भारतातले पहिले संत! आपण त्यांच्या हौतात्म्याची गोष्ट मुलांना सांगतो, ती सांगायलाच हवी. पण त्याआधीची गोष्टही सांगायला हवी. ज्या घरात तो मुलगा लहानाचा मोठा झाला त्या घरात त्याला काम होतं, पण जागा नव्हती.

म्हणजे नुसतं काम दिल्यानेही भागत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. वेठीलाही कामच देतात. काम आणि त्या कामाबद्दल बोलायचा हक्क, दोन्ही मिळालं तर माणूस घरचा.

वसईकरांची बाजूही मांडतो, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी जे टिकवलंय ते साधं नाही. पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले, मुंबई वाढत वाढत दारात आली, तरी सामवेदी बोली राहिली, गाणी राहिली, लग्नातले विधी राहिले. हे सगळं 'आपली माणसं' या भावनेशिवाय टिकलं नसतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, लॅटिन जाऊन लोकांच्या भाषेत मिस्सा आली तेव्हा वसईने ती मराठीत अशी रुजवली की मराठी ख्रिस्ती साहित्याचं ते एक माहेरघर झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले, आणि 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा आमच्या घरात जो आनंद झाला त्यात 'नगरचे' आणि 'वसईचे' असा फरक नव्हता. आपल्या वाडीचा, आपल्या बोलीचा अभिमान मला चुकीचा वाटत नाही. कुंपण असावं, पण कुंपणाला झापा असतो. तो आतून लागलेला आहे की नुसता लोटलेला, एवढंच बघायचं.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय वरचं सगळं सांगायचा मला अधिकार नाही.

नोकरी बोईसरला केली. तारापूरला अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली, आणि जगभरची माणसं इकडे आली. केरळची, तामिळनाडूची, गोव्याची, मंगळूरची, अलीकडे झारखंड-ओडिशाची. त्यांत ख्रिस्ती पुष्कळ. शिवाय पूर्वेच्या पाड्यांवरचे आदिवासी ख्रिस्ती. मी ज्या चर्चला जाऊ लागलो तिथे आडनावाचं कोणाला फारसं पडलेलं नव्हतं, कारण बहुतेक सगळेच बाहेरचे. मी लवकर रुळलो. वाचन करू लागलो, मग कमिटीत आलो. पंधरा-वीस वर्षांत मी त्या चर्चचा अगदी 'घरचा' झालो, इतका की हळूहळू मीच ओट्यावरचा आजोबा झालो. कधी झालो ते कळलंच नाही.

दर नाताळला आम्ही पाड्यांवरच्या लोकांना बोलवायचो. त्यांच्यासाठी वेगळी पंगत, ब्लँकेटं, मुलांना वह्या. मी पुढाकार घ्यायचो आणि मला त्याचा अभिमानही होता. फोटो निघायचे. एका वर्षी वाढप्यांची टंचाई झाली, कमिटीतले दोघं-तिघं आलेच नाहीत. मी भाताचं पातेलं घेऊन धावपळ करत होतो. पंगतीतल्या एका वारली आजींनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आमाला पन काम सांगा ना. दर वर्साला नुसता जेवून कसा जायाचा?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "तुम्ही बसा आजी, तुम्ही आमच्या पाहुण्या."

त्या बसल्या. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. त्यांच्या पाड्यावरची आणखी चार-पाच घरंही आली नाहीत. कोणी म्हणालं त्यांना दुसऱ्या एका प्रार्थना गटाने ओढलं. तसं असेलही. मी चौकशी केली नाही, हे खरं. पण मला आता वाटतं, त्यांना कोणी ओढलं नसेल. तिकडे कोणीतरी त्यांना फक्त सतरंजी अंथरायला सांगितली असेल.

'अस्सं... नगरचे होय?' आणि 'तुम्ही आमच्या पाहुण्या' या दोन वाक्यांत काय फरक आहे, हा विचार मी बऱ्याचदा करतो. दोन्ही गोड होती. दोन्ही बोलणारी माणसं चांगली होती (निदान पहिला तरी!). दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला कळलं ते एकच, की हे घर तुमचं नाही.

याकोबाच्या पत्रात एक प्रसंग आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा देतात. मळक्या कपड्यातला गरीब येतो, त्याला तिकडे उभा राहा नाहीतर खाली पायाशी बस म्हणतात. पहिल्या शतकातली गोष्ट आहे ही, म्हणजे रोग नवा नाही. लक्षात घ्या, त्या गरिबालाही कोणी हाकललेलं नाही. दार उघडंच होतं. आपली चर्चं दार बंद करत नाहीत, ती बाक ठरवतात.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण आपल्या मराठीत आहे आणि ते आपण विसरत चाललोय. रेव्हरंड ना. वा. टिळक. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, त्यांची भजनं आजही आपण गातो. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र बसणार होते. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, टिळक वारले आणि दरबार फार वाढू शकला नाही. त्यांच्या कल्पनेत अडचणी होत्या, बाप्तिस्म्याचं महत्त्व काय राहिलं असं कोणी विचारलं तर तो प्रश्न खोटा नाही. पण टिळकांनी एक गोष्ट ओळखली होती. मिशनच्या अंगणात मराठी माणूस कायम पाहुणा राहणार, कारण घराच्या किल्ल्या दुसऱ्यांकडे आहेत. म्हणून त्यांनी किल्ल्या नसलेलं घर बांधायला घेतलं.

अलीकडे पोप फ्रान्सिस यांनी हाच विषय लावून धरला होता. 2023 च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला तरुणांच्या मेळाव्यात चर्च कोणासाठी हे सांगताना ते एकच शब्द तीनदा म्हणाले, सगळे, सगळे, सगळे. 2021 ते 2024 या काळात जगभरच्या कॅथलिक चर्चने जो सिनॉड केला त्याची सुरुवात गावोगावच्या लोकांचं ऐकून घेण्यापासून झाली. आमच्याकडेही बैठका झाल्या. मी होतो. ऐकून घ्यायला आम्ही सगळे कमिटीवाले जमलो होतो, आणि बोललोही आम्हीच!

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगतो, फार मोठं काही नाही.

वाचनाची यादी बघा. गेल्या वर्षभरात पहिलं वाचन कोणकोणत्या घरांनी केलं, लिहून काढा. गायनवृंद बघा, कमिटी बघा, सणाच्या पालखीला खांदा कोणाचा असतो ते बघा. मिस्सेची भाषा ठरवताना कोणाला विचारलं ते आठवा. दफनभूमीत जागा कुठे देतो ते बघा. दारातल्या टेबलापेक्षा या याद्या खरं बोलतात.

याला उत्तरं तयार असतात, मीच दिलेली आहेत. "त्यांना वाचता येत नाही हो." ज्यांना येतं त्यांना तरी विचारलंत का? "ते पुढे येत नाहीत." मीही दहाव्या वर्षी पुढे गेलो नव्हतो, काकूंनी हाक मारली होती. "चुका होतील." होऊ देत. आपली माणसं वाचताना चुकतात तेव्हा आपण हसून सोडून देतो, तीच सवलत त्यांनाही द्यायची. चुकायची मुभा असणं हीच तर घरच्या माणसाची खूण.

आणि मुख्य म्हणजे तक्रार ऐकायची तयारी हवी. पाहुणा मीठ कमी असलं तरी छान झालंय म्हणतो. घरचा म्हणतो, मीठ कुठाय? ज्या दिवशी पाड्यावरची माणसं आमच्या कमिटीत येऊन फादरांसमोर आमच्या कारभाराला नावं ठेवतील त्या दिवशी समजायचं, जमलं. ते ऐकायला गोड लागणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

त्या आजींना शोधायला परवा मी पाड्यावर गेलो होतो. त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. सुनेने चहा दिला, मला खाटेवर बसवलं. मी म्हटलं, कपबशी मी विसळतो. ती म्हणाली, "नको, तुम्ही पाहुणे." मला काही बोलता आलं नाही.

फुलांचा ठराव झालाय, तो काही मी आता रद्द करू शकत नाही. पण मंडपाचं काम माझ्याकडे होतं, ते मी झारखंडच्या एका पोराला फोन करून सांगितलं. तीन वर्षं तो मागच्या बाकावर बसतोय, मला त्याचं पूर्ण नावही माहीत नव्हतं. मला वाटलं, तो आभार मानेल. तो म्हणाला, "अंकल, पिछले साल का मंडप गलत बाँधा था, बारिश में गिर जाता." गेल्या वर्षीचा मंडप मीच बांधून घेतला होता. जरा राग आला खरा.

रविवारी सकाळी सातला येतो म्हणालाय.